फुकटचा क्लब कुणाच्या खिशात असतो?

आमच्या मारेगावात चारचाकीवाल्यांचा एक क्लब आहे. 'क्लब' वाचून शहरातल्या वाचकांना हिरवळ आणि पांढऱ्या खुर्च्या आठवतील. तसं काही नाही. पन्नासेक माणसं आहेत. त्यात शिक्षक आहेत, कृषी केंद्रवाले आहेत, दोन डॉक्टर, काही ठेकेदार, आणि दुसऱ्याची गाडी चालवून पोट भरणारे चार-पाच ड्रायव्हरही आहेत. गाड्या बहुतेक जुन्या बाजारातून घेतलेल्या. माझीही त्यातलीच, मी तिचा तिसरा मालक. वणीच्या रस्त्यावर कुणाची गाडी बंद पडली, करंजीकडे रात्री कुणाला रानडुक्कर आडवं गेलं, कुणाच्या घरचा पेशंट सावंगीला न्यायचा आहे, की मोबाईलवर निरोप पडतो आणि कुणीतरी निघतं. पंधरा ऑगस्टला झेंडे लावून एक फेरी निघते. बाकी वर्षभर सर्वांत जास्त फिरणारा निरोप म्हणजे 'आरटीओ कुठं उभा आहे'. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर आम्ही फारच सेवाभावी वाटू.

गेल्या महिन्यात या क्लबात भांडण झालं. मुद्दा एवढाच की सभासदांकडून वर्षाला फी घ्यायची की नाही. कुणीतरी सहाशे रुपये सुचवले आणि बैठक तिथंच फुटली. एक जण उठून म्हणाला, "सेवेले पैसे कायले पाह्यजे? आपण काय धंदा लावला का?" टाळ्या पडल्या. दुसरा म्हणाला, गरीब गाडीवाले निघून जातील. तिसरा, ज्याची गाडी आम्हा सगळ्यांच्या गाड्यांपेक्षा उंच आहे, तो हसत म्हणाला, "सहाशे कशाला, पाच हजार ठेवा. फालतू गर्दी आपोआप कमी होते." आणि ज्यांच्या खर्चानं आजवर टी-शर्ट आले, स्टिकर आले, बैठकीचा चहा-पोहा आला, ते शेठ शांतपणे म्हणाले, "कुणी काही देऊ नका. मी आहे ना."

सगळ्यात धोकादायक वाक्य हे शेवटचं होतं, आणि सगळ्यात जास्त माना त्यालाच डोलल्या.

मी फीच्या बाजूचा आहे. बैठकीत मला नीट बोलता आलं नाही. वर्गात पंचेचाळीस मिनिटं बोलणारा माणूस मोठ्यांच्या सभेत दोन वाक्यांत आटोपतो, हा माझा जुना दोष. म्हणून इथं लिहितो.

आधी एका मुलाबद्दल. आता तो मुलगा राहिला नाही, दोन लेकरांचा बाप आहे, पण माझ्या हाताखाली शिकलेला. त्याच्याकडे चारचाकी नाही. तो मेकॅनिक आहे. त्याला क्लबात घेतलं ते 'आपलाच माणूस आहे, मदत होईल' म्हणून. त्यालाही बरं वाटलं असणार. डॉक्टर आणि ठेकेदारांच्या यादीत आपलं नाव. तेव्हापासून रात्री अकरा वाजता, एक वाजता त्याचा फोन वाजतो. कुणाचा फॅनबेल्ट तुटला, कुणाचा सेल्फ घेत नाही, कुणाची गाडी टोचन करून आणायची आहे. तो पाने-पकड पिशवीत टाकतो आणि मोटारसायकलवर निघतो. काम झालं की सामानाचे पैसे मिळतात, कधी तेही दुसऱ्या दिवशी. मजुरी कुणी विचारत नाही. कारण क्लब आहे ना, सेवा आहे ना. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "जाने दो सर, अपनेच लोग है." दिवसा त्याच हाताचे तो पैसे घेतो आणि त्यावर घर चालवतो. रात्री तेच हात फुकट कसे झाले?

आमचा क्लब मोफत आहे असं जे म्हणतात त्यांना माझं म्हणणं आहे की तो मोफत कधीच नव्हता. त्याची फी आजवर दोघांनी भरली. चहा-स्टिकरची शेठनं भरली आणि रात्रीच्या मजुरीची माझ्या विद्यार्थ्यानं. फरक एवढाच की शेठचं नाव टी-शर्टच्या पाठीवर छापलं गेलं आणि याचं नाव कुठंच आलं नाही. आणि या दोघांत जास्त कुणी भरलं, हे कुणी मोजलं तर शेठलाच संकोच वाटेल.

आता 'मी आहे ना'कडे वळतो. शेठ माणूस वाईट नाही, हे मी मनापासून लिहितो. पण जिथं एकच माणूस खर्च करतो तिथं बाकीचे पाहुणे होतात. पाहुणा यजमानाला हिशेब विचारत नाही, आणि पुढची फेरी कुठून कुठं जाईल, कुणाच्या दारासमोर थांबेल, निवडणुकीच्या महिन्यात गाड्यांवर कोणतं स्टिकर लागेल, हेही विचारत नाही. पोहे खाल्लेले असतात.

हे मी फक्त क्लबाबद्दल बोलत नाही. आपल्या मोहल्ल्यांतही हाच कारभार पाहिलेला आहे. ज्या मशिदीत घराघरातून महिन्याचा चंदा येतो, तिथं जुम्याला हिशेब वाचला जातो, आणि 'लाइटचं बिल एवढं कसं' असं एखादा म्हातारा मोठ्यानं विचारतो. जिथं इमामसाहेबांची पगार एकाच श्रीमंत घरातून येते, तिथं इमामसाहेब खुतब्यात व्याजाबद्दल, हुंड्याबद्दल बोलताना पहिल्या सफीकडे पाहून शब्द निवडतात. मी दोन्ही प्रकार जवळून पाहिले आहेत. दुसऱ्या ठिकाणी फरशी जास्त चकचकीत असते, हे मान्य.

मी उर्दूही शिकवतो, म्हणून थोडं विषयांतर. 'चंदा' हा शब्द फारसी 'चंद'वरून आला. चंद म्हणजे काही, थोडके. चंद रोज, चंद लोग. म्हणजे चंदा हा शब्दच मुळात थोडक्याचा आहे, एकट्यानं ढीग ओतण्याचा नाही. आणि उर्दूत सभासदाला 'रुक्न' म्हणतात. रुक्न म्हणजे खांब. मराठीतला सभासद सभेत बसतो, उर्दूतला रुक्न छप्पर उचलून धरतो. आमच्या क्लबात पन्नास सभासद आहेत आणि रुक्न दोन.

'सेवेला पैसे कशाला' म्हणणाऱ्यांना इतिहासातली एक गोष्ट आठवून देतो, आणि ती दूरची नाही, आमच्या विदर्भातलीच आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजींनी तयार केलेली नवी घटना तिथं मंजूर झाली आणि सभासद व्हायला वर्षाला चार आणे ठरले. तोवर काँग्रेस ही मुख्यतः वकील-बॅरिस्टरांची, पदरचं खर्चू शकणाऱ्यांची सभा होती. त्यांच्यातले बरेच जण एकरकमी मोठी देणगी देऊ शकत होते. मग शेतकऱ्याकडून, विणकराकडून चार आणे कशाला मागायचे? तर चार आणे दिलेला माणूस आपल्या गावात, तालुक्यात, प्रांतात मत मागू शकतो. पैशाची गरज होतीच, पण त्याहून जास्त गरज होती ती 'हे माझं आहे' म्हणणाऱ्या माणसांची. चार आण्यांची पावती हातात असलेला कोष्टी मोठ्या वकिलाला प्रश्न विचारू शकत होता. फुकट आत आलेला त्याच्यापुढं हात जोडूनच उभा राहिला असता.

याच गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला गांधीजी स्वतः अध्यक्ष होते. तिथं चार आण्यांच्या जागी सूत आलं. सभासदानं महिन्याला दोन हजार वार सूत द्यायचं. म्हणजे फी पैशात नाही, श्रमात. हा नियम तसाच टिकला नाही. वर्षाच्या आतच, १९२५ मध्ये पाटण्याला तो सैल करून 'चार आणे किंवा सूत' असा पर्याय द्यावा लागला. कारण सगळ्यांनी चरखा चालवावा ही अपेक्षा सगळ्यांना पेलवली नाही. मला त्यातला 'किंवा' हा शब्द घ्यायचा आहे. ज्याला पैसे देणं सोपं त्यानं पैसे द्यावेत, ज्याला श्रम देणं सोपं त्यानं श्रम द्यावेत, पण दोन्ही एकाच वहीत, एकाच ओळीत मांडले जावेत. माझ्या विद्यार्थ्याचे रात्रीचे दोन तास हे सूतच आहे. फक्त ते आम्ही वजन न करता घेत आलो.

गरीब गाडीवाले निघून जातील, ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. सहाशेला माझाही विरोध आहे. ज्या ड्रायव्हरला मालक महिन्याकाठी हातात मोजकेच देतो, त्याला सहाशे जड जातात. पण म्हणून शून्य? आपल्या कायद्यानं गरिबातल्या गरीब कामगाराच्या संघटनेलाही वर्गणी माफ केली नव्हती. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली तेव्हा ग्रामीण मजुरासाठी किमान वर्गणी वर्षाला एक रुपया, असंघटित क्षेत्रातल्या इतर कामगारासाठी तीन रुपये आणि बाकीच्यांसाठी बारा रुपये अशी घातली गेली. वर्षाला एक रुपया! त्या रुपयानं संघटनेचं काय होणार, असं कुणालाही वाटेल. काही होत नाही. पण रुपया दिलेल्या शेतमजुराचं नाव नोंदवहीत येतं, आणि नाव आलं की त्याला टाळून पुढाऱ्याला 'माझी संघटना' म्हणता येत नाही.

आणि साताऱ्याकडे पाहा. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिथल्या बायकांनी दळणाच्या धान्यातून रोज एक मूठ बाजूला ठेवली, तो मुष्टिफंड. मूठभर ज्वारी देणाऱ्या बाईला 'तू गरीब आहेस, तुझं नको' असं कुणी म्हटलं असतं तर तिच्यावर उपकार झाले असते का? तिचा अपमान झाला असता. गरिबाच्या नावानं फी नको म्हणणारे माझे मित्र आमच्यातल्या ड्रायव्हर लोकांना एकदाही विचारायला गेलेले नाहीत. मी गेलो. त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, तीनशे देतो. पण मग फेरीत माह्या गाडीले मागं लावू नका."

पाच हजारवाल्यांशी मला फार बोलायचं नाही. त्यांना फी नको आहे, त्यांना फाटक हवं आहे. रस्त्यावर बंद पडणाऱ्या गाड्या त्यांच्या नसतात, बंद पडते ती पंधरा वर्षांची मारुती. तिच्या मालकाला बाहेर ठेवून मदतीचा क्लब चालवायचा असेल तर मदत कुणाला करणार?

एक आक्षेप मात्र जड आहे. फी आली की तिजोरी येते, तिजोरी आली की खाणारे येतात. खरं आहे. जर्मनीत १९०३ मध्ये सुरू झालेला आडाक नावाचा मोटारवाल्यांचा क्लब आहे. दोन कोटींच्या वर सभासद, सगळे फी भरणारे, रस्त्यावर गाडी अडली की पिवळ्या गाड्या घेऊन येणारे त्यांचे मेकॅनिक साऱ्या देशात प्रसिद्ध. २०१४ मध्ये म्युनिकच्या एका वृत्तपत्रानं बाहेर काढलं की लोकांच्या आवडत्या गाडीला दिल्या जाणाऱ्या त्यांच्या पुरस्कारात मतांचे आकडे फुगवले जात होते, आणि थोडेथोडके नव्हे, जवळजवळ दहापट. अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला. म्हणजे फी प्रामाणिकपणाची हमी देत नाही. इंग्लंडमधला ऑटोमोबाईल असोसिएशन हा क्लब तर १९०५ मध्ये सुरू झाला तोच पोलिसांच्या वेगमर्यादेच्या सापळ्यांची सूचना सभासदांना द्यायला. सायकलवरचे त्यांचे माणूस सभासदाची गाडी दिसली की सलाम ठोकत. १९१० मध्ये कोर्टानं अशा सूचना देण्याला चाप लावला, तेव्हा त्यांनी शक्कल काढली. पुढं सापळा असेल तर सलाम ठोकायचाच नाही. सभासदानं समजून घ्यावं. आमच्या 'आरटीओ कुठं उभा आहे'चे हे थोरले भाऊ.

पण जर्मन अध्यक्षाला जावं का लागलं, हेही पाहा. कारण लाखो माणसांनी पैसे भरले होते आणि ती चिडली. आपले पैसे असतील तरच 'माझ्या पैशाचं काय केलं' हा प्रश्न तयार होतो. आमच्या क्लबात आजवर एक पैशाचाही घोटाळा झाला नाही असं अभिमानानं सांगतात. होणार कसा? मोजायला वहीच नाही. आणि माझ्या विद्यार्थ्याच्या रात्री घोटाळ्यात धरायच्या की नाही, ते मी वाचकांवर सोडतो.

कायद्याचंही थोडं. उद्या क्लब रजिस्टर करायचा म्हटलं तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं पुरतात. त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमात म्हटलं आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, सभासदांच्या मोजणीतही तो धरला जात नाही. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यालाही वर्गणी आणि मत यांची गाठ कळत होती. आमच्याकडे मात्र वर्गणी नाही म्हणून मतही नाही, फक्त टाळ्या आहेत.

दुसरी गोष्ट पेशंट नेण्याची. काही जण म्हणतात, फी नको, ज्याला गाडी लागेल त्यानं त्या फेरीचे पैसे द्यावेत. हे ऐकायला सरळ वाटतं, पण यात फसगत आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाडं घेऊन माणसं नेऊ लागली की ती परवान्याविना भाड्याची गाडी ठरते, आणि विम्याच्या कागदावर 'भाड्यानं वापर वगळून' असं लिहिलेलं असतं. वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी तेच कागद पुढं करेल. मदतीला गेलेला माणूस कोर्टाच्या फेऱ्या मारेल आणि पेशंटच्या घरच्यांना भरपाईसाठी वर्षं जातील. म्हणून फेरीचे पैसे घेणं हा फीला पर्याय नाही. सगळ्यांनी वर्षाला थोडं थोडं क्लबाच्या खात्यात टाकणं वेगळं, आणि पेशंटच्या नातेवाइकाकडून सावंगीच्या फेरीचे हजार रुपये हातात घेणं वेगळं.

मला विचाराल तर तीनशे रुपये. पन्नास माणसांचे पंधरा हजार होतात. एका सभासदाच्या हिशेबानं पाहिलं तर दहा रुपयांचे तीस चहा, आणि आमच्यातले काही तेवढे आठवड्यात पितात. या पैशातून आधी मेकॅनिकची रात्रीची मजुरी द्यावी, ठरवून, चारशे तर चारशे, आणि ज्याची गाडी दुरुस्त झाली त्यानं मागाहून खात्यात भरता आलं तर भरावं. ज्याला तीनशे जमत नाहीत त्यानं दोन रात्री मदतीला यावं, ते वहीत चढावं. शेठनं हवं तर जास्त द्यावं, पण पावती तीनशेची आणि बाकीची देणगी, टी-शर्टवर नाव नाही. दर महिन्याच्या एक तारखेला हिशेब सगळ्यांच्या मोबाईलवर. आणि रस्त्यावर अडलेल्या माणसाला कुणीही 'फी भरली का' असं विचारू नये. तो सभासद असो, नसो, ट्रकवाला असो. अपघातातल्या माणसाला उचलणाऱ्याला आता कायद्याचंही संरक्षण आहे, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात तसं कलमच आलं. फी बैठकीतल्या मतासाठी आहे, रस्त्यावरच्या मदतीसाठी नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या नाहीत तर मी माझे शब्द मागं घेईन आणि शून्यवाल्यांच्या बाजूला जाऊन बसेन.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. शेठना मी परवा भेटून हे सगळं तोंडावर सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, मलाही कंटाळा आला होता. पण कुणी दुसरं देतच नव्हतं." हे मी मांडलेल्या चित्रात नीट बसत नाही, तरी लिहितो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या मेकॅनिकला रात्री बोलावणाऱ्यांत मीही होतो. तीनदा. एकदा करंजीच्या रस्त्यावर पावसात, बायको-मुलं गाडीत असताना. मी त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला, आणि 'शाबास बेटा' म्हणालो. हा लेख लिहायला बसण्याआधी त्याच्या दुकानात गेलो आणि तीन रात्रींचे बाराशे रुपये त्याच्या गल्ल्यावर ठेवले. त्यानं आठशे घेतले, चारशे परत केले. म्हणाला, "तिसऱ्या टायमाले तर मी वणीहून येतच होतो सर, रस्त्यातच भेटले तुम्ही."